रातूंच्या डोक्यावर चार बोटं

नांबुका गाव
मंगळवार, सकाळची प्रार्थना आटोपून

प्रिय सेवानाईया,

प्रभूच्या नावाने तुला सलाम, आणि तुझ्या मामेभावाच्या नावाने एक चापट, कारण माझ्या मागच्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलेलं नाहीस. (चापट मारण्याचा हक्क आतेभाऊ-मामेभावांना वाडवडिलांनी दिलेला आहे. तू ब्रिस्बेनला जाऊन राहिलास म्हणून तो रद्द होत नाही.) तुझी प्रकृती कशी आहे? त्या भाजीच्या शीतगृहात अजून दोन-दोन स्वेटर घालून काम करतोस का? खोकला कमी आहे का? इथे आम्ही सगळे बरे आहोत. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं झाली, सात जगली. वासिती बरी आहे, जरा जास्तच बरी आहे, ते पुढे येईल. तुझी आई, म्हणजे आसेनाथा आत्या, रोज सकाळी उठून गावातल्या प्रत्येकाला सांगते, की नाताळला माझा सेवानाईया चाकांची खुर्ची घेऊन येणार आहे. ज्यांना कालच सांगितलं त्यांनाही पुन्हा सांगते. तिच्या गुडघ्याबद्दलही पुढे येईल. सगळंच पुढे येईल, तू फक्त घाई करू नकोस. मी सोमवारपासून हे पत्र मनात लिहितो आहे आणि मनात ते फार नीट होतं.

मुद्दा असा, की येत्या शनिवारी मला मोठ्या बेटावर हजारो लोकांसमोर साक्ष द्यायची आहे, आणि जी साक्ष द्यायची ती खरी आहे की नाही हे मला स्वतःलाच ठाऊक नाही. तू हसशील. तू कशावरच विश्वास ठेवत नाहीस, म्हणून तर तुलाच लिहितो आहे. इथे ज्याला विचारावं तो कुठल्या तरी एका बाजूचा निघतो.

पाहुणे पाळक आल्यापासून सुरुवात करतो. त्यांचं नाव डॅरिल, गाव तूवूंबा, उंची आपल्या नारळाच्या रोपाइतकी आणि मन अगदी लोण्यासारखं. आपल्या नव्या मंडळीचा पाळक एसाला (एमोरी सुताराचा धाकटा, तुझ्या वर्गात होता, तू त्याच्या डब्यातला कसावा खायचास) त्याने डॅरिल पाळकांना आठवडाभर बोलावलं होतं. आता तुला आठवत नसेल तर सांगतो, गावात सकाळी सगळे जुन्या देवळात जातात आणि दुपारी तेच सगळे सभागृहात नव्या मंडळीला जातात. दोन्हीकडे देव तोच, दुपारचं गाणं फक्त मोठं. मीही जातो. मला दुपारचं गाणं आवडतं, हे मी जुन्या देवळातल्या वडीलधाऱ्यांना सांगितलेलं नाही.

डॅरिल पाळकांनी पहिले तीन दिवस शिकवण दिली आणि एसाला भाषांतर करत होता. शिकवण सोपी होती. माणसाने नव्याने जन्मलं पाहिजे. मग पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा होतो, तो पाण्याच्या बाप्तिस्म्याहून वेगळा. मग आत्मा कृपादानं देतो. कुणाला अन्य भाषांत बोलण्याचं, कुणाला संदेश सांगण्याचं, कुणाला हात ठेवून आजारी बरं करण्याचं. आणि हे सगळं प्रेषितांच्या काळात संपलेलं नाही, आज दुपारीही होऊ शकतं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. आज दुपारी! आपण लहानपणापासून ऐकलेलं सगळं एक तर फार पूर्वी घडलेलं असतं, नाही तर शेवटच्या दिवशी घडायचं असतं. आज दुपारसाठी कुणी काही ठेवलेलंच नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी वासितीला अन्य भाषा मिळाली. सभागृहात नाही, घरी, पातेली घासताना. मी पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होतो, आणि आतून नदीसारखी भाषा वाहायला लागली, तिच्यात ना आपला शब्द ना इंग्रजी. सुरेख होती. मी जाळं खाली ठेवलं आणि टोपी काढली. पण माणसाचं मन वाईट असतं, सेवानाईया. एकवीस वर्षांच्या संसारानंतर बायको देवाशी अशा भाषेत बोलते आहे जी आपल्याला कळत नाही, म्हणजे त्यात आपलं नाव कुठे येतं तेही कळायला मार्ग नाही. मी विचारलं, तर म्हणाली, मलाही कळत नाही, आत्म्याला कळतं. त्याने मला धीर आला असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन घरं झाली, तिसऱ्या दिवशी शाळामास्तर. मला मात्र काही नाही. डोळे मिटले, हात पसरले, तोंड उघडं ठेवलं, एसालाने सांगितलं तशी जीभ सैल सोडली. खोकला आला.

मग मी म्हटलं, भाषा राहू दे, साधं मागून तरी बघू. कारण डॅरिल पाळकांच्या शिकवणीतली जी गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी बसली ती ही, की देवाच्या सिंहासनापुढे प्रत्येकाने स्वतः जायचं, धीटपणे जायचं, मध्ये दुसरा कुणी माणूस नको. आता तुला ठाऊक आहे मी काय करतो. माझे आजोबा रातूंच्या आजोबांचं तोंड होते, बाबा रातूंच्या वडिलांचं तोंड होते, आणि मी रातू नेमानींचं तोंड आहे. गावच्या प्रमुखाशी, म्हणजे रातूंशी, कुणी थेट बोलत नाही आणि प्रमुख कुणाशी थेट बोलत नाहीत, मध्ये मी. लग्न असो, मयत असो, भांडण असो, नव्या होडीची मागणी असो, यांगोनाच्या पेयाचा वाडगा मध्ये ठेवून मी दोन्हीकडची वाक्यं नीट रचून इकडून तिकडे नेतो. तीस वर्षांत मी स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलेलं नाही. सवयच नाही. म्हणून मी नारळाच्या बागेत एकटा जाऊन देवापुढे बसलो आणि सुरुवात केली. आधी त्याच्या पदव्या म्हटल्या, योग्य त्या क्रमाने. मग त्याच्या घराण्याचा मान घेतला. मग माझ्या हातून काही उणंअधिक झालं तर क्षमा असावी असं म्हटलं. मग तो किती लांबून आला आणि वाटेत समुद्र कसा होता याची चौकशी केली. (हे तोंडातून निघून गेलं. पाहुण्यांना आपण विचारतोच.) एवढं होईस्तोवर दुपारच्या सभेचा ढोल वाजला आणि मागायचं राहून गेलं.

आता रातूंचं डोकं. ते तीन महिन्यांपासून दुखत होतं. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी चष्मा सांगितला, रातूंनी नको म्हटलं, कारण त्यांच्या वडिलांना नव्हता. चौथ्या दिवशी रातूंनी मला बोलावून सांगितलं, की पाहुण्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करावी असं आम्हाला वाटतं. मी हा निरोप आनंदाने नेला. डॅरिल पाळकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, उद्याच करू, मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवीन.

एसालाने याचं भाषांतर केलं नाही, पण तेवढं इंग्रजी मला कळतं.

तू इतकी वर्षं बाहेर आहेस, पण हे विसरला नसशील. आपल्यात कुणाच्याच डोक्याला हात लावत नाहीत, वरच्या फळीवरची बशी काढायची तरी खाली बसलेल्याची माफी मागून काढतात. रातूंचं डोकं तर त्यांचे केस कापणाऱ्या एका घराखेरीज कुणी शिवलेलं नाही. आणि दुसरीकडे पवित्र शास्त्रात स्पष्ट लिहिलेलं आहे, की विश्वासणारे दुखणाइतांवर हात ठेवतील. मी दोन्ही मानतो. दोन्ही एकाच दुपारी मानायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

वाटाघाटी दीड दिवस चालल्या. मी सुचवलं, खांद्यावर ठेवा. डॅरिल म्हणाले, दुखतं कुठे? मी सुचवलं, माझ्या डोक्यावर ठेवा, मी रातूंच्या वतीने घेतो, मी त्यांच्या वतीने सगळंच घेतो. यावर ते प्रेमाने म्हणाले, की निकोतिमो, बरं होणं असं कुणाच्या वतीने घेता येत नाही. (तू म्हणशील, का नाही? मीही मनात तेच म्हटलं.) शेवटी ठरलं ते असं. हात रातूंच्या डोक्याच्या वर चार बोटं अंतर ठेवून धरायचा, आत्म्याला चार बोटं जड नाहीत. आणि वाऱ्याने, धक्क्याने, प्रार्थनेच्या भरात तो टेकलाच, तर त्याची माफी आपण आधीच मागून ठेवायची. म्हणून मी पाहुण्यांच्या वतीने रातूंना क्षमा मागताना देतात तो देवमाशाचा दात दिला आणि क्षमा मागितली, मग रातूंच्या वतीने मीच तो स्वीकारला आणि क्षमा दिली, आणि मग रातूंनी मोठ्या मनाने तोच दात पाहुण्यांना भेट दिला, तोही मीच दिला. डॅरिल पाळक एवढंच म्हणाले, की पापाच्या आधीच पश्चात्ताप करणारे लोक मी पहिल्यांदा पाहतो आहे.

शुक्रवारी सभागृह भरलं. रातू पुढे, बाजूच्या दाराजवळ, वारा येतो तिथे चटईवर मांडी घालून बसले. मी त्यांच्या बाजूला, उंबऱ्याला टेकून. आणि दाराबाहेर, दोन पायऱ्या खाली, गवतावर आत्या तिच्या खुर्चीत. अकरा वर्षं ती खाली बसू शकलेली नाही, कारण बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. आणि आत खुर्चीत बसली तर तिचं डोकं रातूंच्या वर जाईल. म्हणून अकरा वर्षं प्रत्येक सभा, प्रत्येक लग्न तिने दाराबाहेरून ऐकलेलं आहे. तुला हे कुणी लिहिलं नसेल. ती कुरकुर करत नाही म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही.

उपदेश अडीच तास झाला. (एका तासाचा, पण दोन भाषांत, आणि एसाला आपली भर घालतो.) मग गाणं झालं. मग डॅरिल पाळक रातूंसमोर आले, त्यांनी वाकून परवानगी मागितली, आणि रातूंना विनंती केली की प्रार्थनेसाठी उभं राहावं. रातू उभे राहिले. पाळकांनी हात उचलला, चार बोटं अंतर बरोबर ठेवलं, मी मोजत होतो. डोळे मिटले. मोठ्याने हाक मारली, की हे पवित्र आत्म्या, ये.

आणि रातू पडले. गुडघ्यांतून दुमडून आधी बसते झाले आणि मग चटईवर आडवे, गाल चटईला टेकून.

आता यापुढचं सावकाश वाच. रातू आडवे झाले, म्हणजे त्यांचं डोकं जमिनीला लागलं. आणि रातूंच्या डोक्यापेक्षा गावातल्या कुणाचंही डोकं वर असता कामा नये, हे आपल्याला दूध प्यायच्या वयापासून ठाऊक आहे, विचार करून ठाऊक नाही, पाठीच्या कण्याला ठाऊक आहे. सबंध सभागृह एका दमात पालथं पडलं. म्हाताऱ्या, पोरं, गिटारवाले, शाळामास्तर. मी उंबऱ्यावर पडलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. एसाला भाषांतर करता करता वाक्याच्या मध्येच पडला. डॅरिल पाळकांनी डोळे उघडले तेव्हा सगळ्या सभागृहात ते एकटे उभे होते, हात अजून तसाच हवेत धरलेला, आणि त्याच्याखाली कुणीच नव्हतं. मी तिरक्या नजरेने त्यांचा चेहरा पाहिला. असा आनंद मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलेला आहे. मग तेही रडत गुडघ्यांवर आले.

आम्ही वाट पाहत होतो की रातू उठतील. रातू उठेनात. वीस मिनिटं तरी झाली असतील. कुणी रडायला लागलं, कुणी अन्य भाषांत बोलायला लागलं (वासितीचा आवाज मी ओळखला), आणि तिसऱ्या ओळीत एलिकी आणि त्याचा भाऊ वायसाके, जे नीरफणसाच्या एका झाडावरून सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते, ते पडले ते नेमके नाकासमोर नाक येऊन. उठायची सोय नाही, मान वळवायला जागा नाही. बऱ्याच वेळाने एलिकी हळूच म्हणाला, “तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतोय.” वायसाके हसला, मग तो हसता हसता रडायला लागला, आणि आता ते झाड दोघांचं आहे.

आणि मी? माझा गाल उंबऱ्याच्या लाकडावर होता आणि बाहेरच्या गवताचा वास येत होता. मी कुणाचाही निरोप नेत नव्हतो. एकही वाक्य रचत नव्हतो. देवाच्या पदव्यासुद्धा आठवत नव्हत्या. मागायचं होतं तेही विसरलो. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहून ठेवतो आणि पुढे जातो.

सगळ्यांत आधी उठली ती आत्या. रातू पडलेले पाहून तीही खुर्चीतून गवतावर उतरली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि विचार न करता, आम्हा सगळ्यांसारखीच. मग ती उभी राहिली, दारातून आत डोकावली आणि म्हणाली, “चुलीवर भात आहे, कुणाला आठवण आहे का?” तेव्हा रातू उठून बसले आणि त्यांच्यामागे सगळं गाव.

डॅरिल पाळकांनी त्याच दिवशी आपल्या मंडळीला लिहून कळवलं, की एका बेटावर आत्मा एकशे त्र्याऐंशी जणांवर एकाच क्षणी उतरला. (हा आकडा एसालाने जेवणाच्या ताटांवरून काढलेला आहे. त्यात होडीचे खलाशी दोनदा जेवले तेही धरलेलं आहे.) आता मोठ्या बेटावर शनिवारी मोठी सभा आहे, फुटबॉलच्या मैदानावर, आणि गावाच्या वतीने साक्ष मी द्यायची आहे, कारण गावाच्या वतीने बोलणारा मीच.

मी रातूंकडे गेलो. सरळ विचारता येत नाही, म्हणून बराच वेळ वाऱ्याबद्दल बोललो. रातूंनी ओळखलं. म्हणाले, “निको, पडलो तेव्हा मला वाटलं माझा पाय झोपलाय. अडीच तासांची मांडी होती. मग डोकं जरा उचलून बघतो, तर सगळं गाव आडवं. मग मला वाटलं, हे काही माझ्या एकट्याच्या पायाचं काम नसावं. म्हणून गप पडून राहिलो.” म्हणजे बघ, आम्ही रातू पडलेले म्हणून पडून होतो आणि रातू आम्ही पडलेले म्हणून. मी विचारलं, मग शनिवारी काय सांगू? रातू म्हणाले, “ते तू ठरव. तोंड तू आहेस.” डोकं दुखायचं थांबलं का, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं.

वासितीला विचारलं, तर ती रागावली. म्हणाली, “सगळे डोळे मिटून होते. तू एकटा उघडे ठेवून काय बघत होतास?”

तेव्हा सेवानाईया, तूच सांग. आत्मा उतरला असं म्हणावं तर पवित्र आत्म्याच्या नावाने खोटं बोलल्यासारखं होईल, आणि ते कसलं पाप आहे ते लहानपणी आपण दोघांनी पाठ केलेलं आहे. नुसती रीत होती असं म्हणावं तर रातूंचा पाय हजारो लोकांत उघडा पडेल, आणि वासिती रडली, एलिकी-वायसाके बोलायला लागले, ते सगळं खोटं ठरेल, आणि ते खोटं नव्हतं, मी तिथेच होतो. हे पत्र तुला शनिवारच्या आत मिळणार नाही हे मला कळतं. तरी उत्तर दे.

खोकल्याला कडुलिंबाचा पाला उकळून घे. इथून निघताना आईला सांगून न गेलेल्या माणसाला आणखी काय सांगावं.

तुझ्यावर हसणारा आणि तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
मामेभाऊ निकोतिमो

ता. क. सोमवार. पत्र टाकायचं राहिलं. जी होडी ते नेणार होती तिच्यातूनच आम्ही सभेला गेलो आणि ते सगळा वेळ माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. झालं ते सांगतो. मैदानावर मालट्रकचा मंच केला होता. रातूंना मानाने पहिल्या रांगेत खाली खुर्ची दिली होती. माझं नाव पुकारलं, मी चढलो, ध्वनिक्षेपक हातात घेतला, आणि खाली पाहिलं तर रातूंची टाळू. पन्नाशीला आलो, पण ती मी कधी पाहिलेली नव्हती. मधोमध टक्कल आहे, बशीएवढं. हे मी पाहायला नको होतं आणि तू वाचायला नको होतंस. मी लगेच खाली बसलो. तरी वरच. पोटावर पडलो. तरी वरच, ट्रक केवढा असतो. त्या उंचीवरून माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. डॅरिल पाळक गहिवरून म्हणाले, पाहा, आत्मा याच्यावरही आला.

तेव्हा गवतात, आमच्या गावच्या बायकांमध्ये बसलेल्या आत्याने हात वर केला. एसालाने ध्वनिक्षेपक तिच्याकडे नेला. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “रातू पडले म्हणून मी खाली बसले. त्यात देवाचं काही नाही, ते आमचं रोजचंच आहे. पण अकरा वर्षांत मी खाली बसून उठले नव्हते. त्या दिवशी उठले. उठवलं कुणी ते मला ठाऊक नाही. आमचं गाव त्या वेळी सगळं आडवं होतं.”

एसालाने डॅरिल पाळकांच्या कानात भाषांतर केलं, या वेळी भर न घालता. पाळकांनी विचारलं, म्हणजे ते सगळे नुसते मान राखत होते? एसाला म्हणाला, हो. एकशे त्र्याऐंशीही? हो, आणि तेवढे नव्हतेही. पाळक लाल झाले. मग ते ट्रकवरून उतरले, पिशवीतून तो देवमाशाचा दात काढला, आणि रातूंसमोर गवतावर डोकं खाली घालून बसले. मागायला काय हवं ते त्यांना येत नव्हतं. मी उडी मारून त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या वतीने क्षमा मागितली, आणि मग रातूंच्या वतीने दिली. माझा आवाज परत आला होता.

दुसरा ता. क. हे पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणते, गुडघ्याचं सगळं खोडून टाक. गुडघा बरा आहे हे कळलं तर तो नाताळला येणार नाही, म्हणेल आता खुर्ची कशाला. मी म्हटलं, हजारो लोकांसमोर सांगितलंस ना? तर म्हणे, त्यांच्यात माझा मुलगा नव्हता. तेव्हा तुला काही माहीत नाही. तुझ्या आईचा गुडघा फार दुखतो, खुर्चीशिवाय तिचं चालत नाही, आणि ती खुर्ची टपालाने पाठवता येत नाही, स्वतः घेऊन यावी लागते. हे तिच्या वतीने लिहिलं आहे.

तिसरा ता. क., हा माझ्या स्वतःच्या वतीने. त्या दिवशी मी उंबऱ्यावर होतो, अर्धा बाहेर, आत्यापासून हातभर अंतरावर. ती उठली तेव्हा मीही उठलो होतो, एवढं मला आठवतं. माझा हात तिच्या कोपराखाली होता. किंवा तिचा माझ्या काखेत होता. रोज सकाळी मला वेगळं आठवतं. तिला विचारलं तर म्हणते, मी कुणाचाच हात पाहिला नाही. त्या क्षणी उभा राहू शकेल असा माणूस तिथे एकच होता, डॅरिल पाळक, आणि ते गुडघ्यांवर होते, डोळे मिटून. म्हणून मागतो आहे, सेवानाईया, तीस वर्षांत पहिल्यांदा आणि पदव्या न म्हणता: नाताळला ये. मी पुन्हा उंबऱ्यावर निजेन, आत्या गवतावर बसेल, आणि आम्ही उठताना तू डोळे उघडे ठेवून बघ, कोण कुणाला उठवतं ते. तुझ्याखेरीज असा उभा राहून बघणारा आमच्यात दुसरा कुणी नाही.